आरामाचा दिवस, सोमवार आणि बंद अजिंठा

तळ्यात_मळ्यात

ग्रुपने फिरायला जाणाऱ्या सगळ्यांसाठी धागा काढतेय. सहलीच्या प्लॅनमध्ये आपण "एक दिवस आराम" असं जे लिहून टाकतो ना, त्या दिवशी नक्की काय करायचं हे तुमच्याकडे कोणी ठरवतं का? आमच्याकडे नाही ठरवलं, आणि मग जे झालं ते खाली आहे. सल्ले द्या, शिव्या पण चालतील पण त्या आमच्या भाऊजींना, मला नको.

तर संक्रांत झाली आणि आम्ही नाशिकहून संभाजीनगरला गेलो. चौदा माणसं, टेम्पो ट्रॅव्हलर, सगळ्यात छोटा चार वर्षांचा आणि सगळ्यात मोठ्या सासूबाई, वय शहात्तर, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आणि दुसरा रांगेत. प्लॅन भाऊजींनी (थोरले दीर) व्हॉट्सॅपवर टाकला होता. शनिवारी पोचायचं, मकबरा, पाणचक्की. रविवारी देवगिरी, घृष्णेश्वर, वेरूळ. सोमवार आराम. मंगळवारी अजिंठा करून तसंच चाळीसगाव मालेगाव करत रात्री घरी. सगळ्यांनी अंगठे दिले. वाचला किती जणांनी देव जाणे.

रविवारी देवगिरीवरच दुपार झाली. पोरं अंधारी (किल्ल्यातला काळोखा भुयारी रस्ता) बघायला वर गेली ती खाली यायला तयार नाहीत, मेंढा तोफेपाशी फोटो, वटवाघळांचा वास येतो म्हणून आरडाओरडा, मग घृष्णेश्वरला हीऽऽ रांग. रविवारच तो. गाभाऱ्यात जायला पुरुषांनी शर्ट काढायचे असतात, जानेवारीत उघड्या अंगाने उभे राहून राहून आमचे सगळे वीर कुडकुडत बाहेर आले तोवर वेरूळच्या लेण्यांचं तिकीट घेण्यात अर्थ नव्हता. मंदिरापासून लेणी अगदी जवळ आहेत, सगळे म्हणाले जाऊदे, बघू परत. रात्री पुतण्यांना नान खलिया खायचाच होता, त्यात साडेअकरा.

सोमवारी सकाळी मी खरोखर चादर डोक्यावर घेऊन पडले होते. नऊ वाजता दार वाजलं. भाऊजी अंघोळ करून, परफ्यूम मारून तयार. म्हणे गाडीचे रोजचे तीनशे किलोमीटर तर आपण भरतोच आहोत, ती उभी ठेवून काय उपयोग? अजिंठा आजच उरकू, मग उद्याचा दिवस हलका होईल, जाता जाता राहिलेलं वेरूळ करू. ऐकायला इतकं बरोबर वाटलं की कोणी काही बोललंच नाही. हॉटेलचा फुकटचा नाश्ता दहापर्यंत होता म्हणून तिथे चौदा जणांची झुंबड, सासूबाईंची बीपीची गोळी वरच राहिली, ती आणायला मी, निघायला सव्वाअकरा.

फुलंब्री, सिल्लोड, मधे छोट्याला उलटी, मग अजिंठ्याच्या घाटात परत उलटी. फर्दापूरच्या टी जंक्शनला पोचलो तेव्हा दोन वाजले होते. तिथे गाडी लावायची आणि पुढे एसटीच्या बसने चार किलोमीटर लेण्यांपर्यंत, हे सगळं भाऊजी माईकवर सांगत होते. पार्किंग रिकामं. तेव्हाच पोटात गोळा आला खरं तर. एकच मुलगा पाटीत जांभळे पांढरे स्फटिक घेऊन बसलेला, तो उठलासुद्धा नाही, बसल्या बसल्या म्हणाला "काकू आज सोमवार ना, लेणी बंद."

अजिंठा सोमवारी बंद असतो. चौदा माणसांत अकरा मोबाईल.

पुढचं थोडक्यात. तीन वाजता ढाब्यावर शेवभाजी, ती छोट्याला आणि सासूबाईंना दोघांनाही तिखट. परतीला अंधार. आणि मंगळवारी सामान भरून, बिल देऊन, वेरूळला. वेरूळ मंगळवारी बंद.

म्हणजे बघा, पहिला प्लॅन जसाच्या तसा पाळला असता तर मंगळवारी अजिंठा उघडं होतं. प्लॅन चुकून बरोबर होता, आणि आमच्या आरामाच्या दिवसाने तो मोडला. घरी येऊन मी बुधवारी ऑफिसला सुट्टी टाकली, कारण सहलीतून आराम राहिला होता.

वाकडी_वाट

अकरा मोबाईल आणि एकानेही सर्च केलं नाही?? नकाशावर लाल अक्षरात बंद लिहून येतं ताई.

तळ्यात_मळ्यात

@वाकडी_वाट, रस्ता किती वेळाचा आहे तेवढंच बघितलं सगळ्यांनी. आणि प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने बघितलं असेल. जाऊबाईंना वाटलं भाऊजींनी, भाऊजींना वाटलं पुतण्याने, पुतण्या म्हणे मला कोणी सांगितलंच नव्हतं, मी गाणी लावत होतो.

औरंगपुरा_कॉर्नर

गाववाला म्हणून लिहितो. तुम्ही पहिल्या नाही आणि शेवटच्याही नाही. दर सोमवारी फर्दापूरला आणि दर मंगळवारी वेरूळच्या गेटवर अशा गाड्या येऊन उभ्या असतात, नंबरप्लेट बघत बसा, पुणे, नाशिक, सुरत, इंदूर. दोन्ही ठिकाणं पुरातत्त्व खात्याकडे आहेत आणि दोघांचे बंद दिवस वेगवेगळे आहेत, म्हणजे पाहुणा कोणत्याही दिवशी आला तरी निदान एक तरी उघडं सापडतं. तुम्ही बरोब्बर उलटा क्रम साधलात, त्याला पण नशीब लागतं.

तुमच्या प्लॅनमधली खरी गडबड मला रविवारची वाटते. देवगिरी, घृष्णेश्वर आणि वेरूळ एका दिवसात, सोबत गुडघेदुखीवाल्या आजी आणि चार वर्षांचं पोर? देवगिरीला वरपर्यंत जायचं तर अर्धा दिवस धरा. वेरूळला चौतीस लेणी आहेत, बारा बौद्ध, सतरा हिंदू, पाच जैन, आणि जैन लेणी बाकीच्यांपासून लांब. नुसतं सोळा नंबर, म्हणजे कैलास, नीट बघायला दोन तास जातात. एकच दगड वरून खाली कोरत आणलाय हे डोक्यात शिरायलाच अर्धा तास लागतो. आणि रविवारी घृष्णेश्वरची रांग ज्योतिर्लिंगाची रांग असते, ती तुमच्या घड्याळाप्रमाणे थोडीच चालणार.

आजींना घेऊन यायचं असेल तर सोमवारी सकाळी वेरूळ, गर्दी पण कमी असते. मंगळवारी अजिंठा. मधला वेळ मोकळा.

खारीबिस्कीट

"गाडीचे तीनशे किलोमीटर तर भरतोच आहोत" 😂😂 हे वाक्य प्रत्येक खानदानात कोणीतरी बोलतंच. आमच्याकडे मामा. बुफेला पण हेच, पैसे भरलेत ना मग खा.

स्टिअरिंग_आणि_चहा

माझ्या स्वतःच्या दोन ट्रॅव्हलर आहेत त्यामुळे त्या तीनशे किलोमीटरबद्दल बोलतो, राग मानू नका.

गाडी बाहेरगावी नेली की रोजचे अमुक किलोमीटर कमीत कमी धरतात, कोणी अडीचशे, कोणी तीनशे. तेवढी फिरली नाही तरी पैसे तेवढेच. का, तर गाडी त्या दिवशी दुसऱ्या कोणाला देता येत नाही, हप्ता चालू असतो, ड्रायव्हर अडकलेला असतो. तो काही तुमचा शिल्लक राहिलेला बॅलन्स नाही की वापरला नाही तर वाया गेला. आणि टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता, रात्री उशीर झाला तर नाईट, हे वेगळं लागतंच. म्हणजे फुकट फिरणं असं काही नसतं.

आता मुख्य. ताईंनी लिहिलंय रविवारी रात्री साडेअकरा. तुम्ही हॉटेलात उतरलात, ड्रायव्हर गाडी लावून, काचा पुसून, झोपायला साडेबारा. तो कुठे झोपला? बऱ्याच हॉटेलात ड्रायव्हरला खोली नसते, डॉर्मिटरी म्हणून जिन्याखाली चार गाद्या टाकलेल्या असतात, नाहीतर गाडीतच मागच्या सीटवर. त्याला सांगितलेलं सोमवारी सुट्टी. तो पण त्या हिशोबाने निवांत झाला असेल, कपडे धुतले असतील. आणि अचानक साडेनऊला फोन की चला, जाऊन येऊन दोनशे. तेही घाटाचे आणि परतीला अंधाराचे. सिल्लोड भागात जानेवारीत कापसाने फुगलेले टेम्पो असतात, मागचा लाल दिवा कापसात बुडालेला, जवळ गेल्यावर दिसतो. मी माझ्या ड्रायव्हरला सांगून ठेवलंय की आरामाचा दिवस म्हणजे चावी माझ्या पोराकडे पण द्यायची नाही. पार्टी चिडते. चिडू दे.

तळ्यात_मळ्यात

@स्टिअरिंग_आणि_चहा, तुम्ही लिहिलंत ते वाचून दाखवलं घरी. खरंच त्या दादांचे धुतलेले कपडे गाडीच्या मागच्या शिडीवर वाळत घातले होते, ते ओलेच गुंडाळून सीटखाली टाकले त्यांनी. येताना फुलंब्रीच्या अलीकडे त्यांनी स्वतःहून गाडी बाजूला घेतली, उतरून बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं आणि पाच मिनिटं नुसते उभे राहिले. मागून आमच्यातलाच एक जण "काय झालं, पंक्चर का?" सासूबाई म्हणाल्या, गप बस रे, त्याला उभं राहू दे.

चहा_बिनसाखरेचा

सगळे भाऊजींच्या मागे लागलेत पण मला वेगळाच मुद्दा मांडायचाय. आरामाचा दिवस कोणाचा?

आम्ही गुहागरला गेलो होतो, मोठा ग्रुप, नवऱ्याने हौसेने "किचन असलेला" बंगला घेतला. समुद्र समोर, झोपाळा, नारळीची बाग, फोटोत स्वर्ग. आणि मधला दिवस आरामाचा म्हणून कुठेच जेवायचं सांगून ठेवलं नाही. आता कोकणात घरगुती जेवण हवं असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी सांगावं लागतं, किती माणसं, मासे का शाकाहारी, मोदक हवेत का, त्याप्रमाणे त्या मावशी सकाळी बाजार करतात. आयत्या वेळी बारा माणसं दारात उभी केली तर त्या तरी काय वाढणार. तर सकाळी उठल्यावर पुरुषमंडळी झोपाळ्यावर, "आज काही घाई नाही हं, निवांत पोहे करा." निवांत! बारा माणसांचे पोहे, एक शेगडी नीट पेटत नाही, कढई चार माणसांची, तीन घाणे. पोहे संपेस्तोवर चहा, चहा संपेस्तोवर अकरा, मग "दुपारी साधंच करा, खिचडी पापड." कुकरची शिट्टी गायब होती. मी आणि माझी नणंद दुपारी तीनला ओट्याला टेकून उभ्या राहूनच जेवलो आणि बाहेरून हाक आली, "अगं या ना बाहेर, किती छान वारा सुटलाय."

तळ्यात_मळ्यात, तुम्ही निदान हॉटेलात होतात.

खारीबिस्कीट

@चहा_बिनसाखरेचा, कुकरची शिट्टी 🙏 मी हा प्रतिसाद नवऱ्याला फॉरवर्ड केलाय, उत्तर आलं नाही अजून.

निवृत्त_नाना

आमच्या वेळी एलटीसी घेऊन जायचो तेव्हा सगळं डायरीत असे. गाडीची वेळ, धर्मशाळेचा पत्ता, स्टेशनवरून टांग्याचे किती. बंद दिवस लाल शाईत. हल्ली सगळं हातातल्या फोनमध्ये आहे म्हणून कोणी बघत नाही. असो. लेख छान जमलाय, सूनबाईंनी सासूबाईंची बाजू घेतली हे विशेष.

अमरावती_एक्सप्रेस

नाना, तुमच्या वेळी पण लोक चुकायचेच, फक्त त्यांचा धागा निघायचा नाही. ☺️

आमचा नमुना: ताडोबा. मंगळवारी कोअर (जंगलाचा आतला मुख्य भाग) बंद असतो हे आम्हाला चंद्रपूरला पोचल्यावर कळलं.

भाऊचा_धक्का

बंद दिवसांची यादी करायची तर माझी भर. घारापुरी सोमवारी बंद. गेटवेवरून लाँच दिसते म्हणून लोक निघतात. ताजमहाल शुक्रवारी, हैदराबादचं सालारजंग पण शुक्रवारी, पॅरिसचं लूव्र मंगळवारी.

पण वारापेक्षा ऋतूचा घोळ जास्त मोठा. पावसाळ्यात गेटवे ते मांडवा लाँच बंद असतात, जंजिऱ्याच्या होड्या बंद, तारकर्लीचं स्कूबा बंद, नेरळहून माथेरानची गाडी बंद, फक्त अमन लॉज ते माथेरान एवढा तुकडा चालतो. आमच्या ऑफिसच्या लोकांनी जुलैत अलिबागची दोन दिवसांची सुट्टी ठरवली, पहिला दिवस मजा, दुसरा दिवस आराम. लाँचने तासाभरात पोचू असा हिशोब. गेटवेला गेल्यावर कळलं लाँच नाही. मग कोणीतरी म्हणालं भाऊच्या धक्क्यावरून रो-रो (गाड्यांसकट नेणारी मोठी बोट) असते, तिचं बुकिंग फुल. मग रस्त्याने, वडखळला अडकले, पहिला दिवस पनवेल ते वडखळ यातच संपला आणि दुसऱ्या दिवशी आराम करायला पोचले तर दुपारी बारा वाजता खोली सोडायची वेळ.

वाकडी_वाट

अलिबागवरून आठवलं, कुलाबा किल्ल्याला ओहोटीला चालत जाता येतं, आमचे शूर मित्र "आज काही करायचं नाही, नुसतं पाय मोकळे करून येऊ" म्हणून गेले आणि भरती आली. भरतीची वेळ रोज पाऊण एक तासाने पुढे सरकते, ह्यांनी आदल्या दिवशीची वेळ धरली होती, पण ती सकाळच्या ओहोटीची, आणि निघाले दुपारी. परत होडीने, होडीवाल्याने किती घेतले ते सांगत नाहीत अजून.

म्युनिकची_मावशी

आमच्याकडे तर अख्खा देशच बंद असतो.

जर्मनीत रविवारी दुकानं बंद, हे इथे राहणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. माझी बहीण आणि तिचे सासू-सासरे ईस्टरच्या सुट्टीत आले होते. मी त्यांना सांगितलं होतं शनिवारी दुपारपर्यंत पोचा. त्यांनी स्वस्त पडते म्हणून संध्याकाळची फ्लाईट घेतली, आणि माझ्याकडे न येता डोंगरात एक फ्लॅट घेतला होता दोन दिवस "आरामासाठी", मी सोमवारी तिथे जाणार होते. बव्हेरियात दुकानं रात्री आठला बंद होतात, हे पोचले साडेनऊला. दुसऱ्या दिवशी ईस्टर रविवार, बंद. त्याच्या पुढच्या दिवशी ईस्टर सोमवार, तीही सार्वजनिक सुट्टी, बंद. त्या शुक्रवारी गुड फ्रायडे होता तेव्हाही बंदच, म्हणजे शनिवार हा एकच दिवस हातात होता आणि तो विमानात गेला.

मोठ्या रेल्वे स्टेशनांवरची दुकानं आणि पेट्रोलपंपावरचं छोटं दुकान उघडं असतं, पण ते गाव इतकं लहान की स्टेशन म्हणजे एक बाक आणि एक मशीन. बहिणीच्या सासूबाईंनी बॅगेतून काय काढलं सांगू? पोहे, मेतकूट, लसणाची चटणी, आणि माझ्यासाठी आणलेल्या तिळाच्या वड्या. माझा सगळा खाऊ दोन दिवसांत संपला. मी सोमवारी गेले तर मला रिकामा डबा दाखवला, वर "काय गं तुझा हा देश."

तळ्यात_मळ्यात

@म्युनिकची_मावशी 🤣 तिळाच्या वड्यांबद्दल मनापासून वाईट वाटलं.

मंगळवारचं नीट लिहायचं राहिलं. वेरूळच्या गेटवर वॉचमन म्हणाला "कालच आले असते तर." भाऊजी त्याला म्हणाले काल आम्ही अजिंठ्याला होतो. तो म्हणाला काल तर अजिंठा बंद असतं. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं हो, खरंच काळजी होती की ह्या माणसांचं काय चाललंय.

मग सासूबाईच म्हणाल्या की गावात चला. वेरूळ गावात मालोजीराजांची गढी आहे आणि शहाजीराजांचं स्मारक, भोसल्यांचं मूळ गाव ते. आणि मंदिराजवळ लाल दगडाचं शिवालय तीर्थ आहे, चारी बाजूंनी पायऱ्या उतरत जातात, अहिल्याबाईंनी जीर्णोद्धार केलेलं. रविवारी रांगेच्या नादात आम्ही तिकडे फिरकलो पण नव्हतो. मंगळवारी सकाळी तिथे जवळपास कोणी नव्हतं. सासूबाई वरच्याच पायरीवर बसल्या, चप्पल काढून, पाय लांब करून, आणि मोजून अर्धा तास कोणाशी बोलल्या नाहीत. पोरं पायऱ्या मोजत होती. भाऊजी पहिल्यांदा घड्याळ न बघता बसले. सबंध सहलीतला आराम काय तो तेवढा.

औरंगपुरा_कॉर्नर

बघा, शिवालय तीर्थ बघितलं म्हणजे तुमची फेरी फुकट नाही गेली. निम्मे पर्यटक ते न बघताच जातात.

आता खरं सांगू का, जानेवारीत इकडे आल्यावर आरामाच्या दिवसाला एकच उत्तर आहे, हुरडा. संभाजीनगरच्या आजूबाजूला शेतात सोय करणारे बरेच आहेत. सकाळी दहाला जायचं, शेकोटीवर भाजलेली कोवळी ज्वारी, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, बोरं, ऊस. आजींना बाज टाकून देतात, पोरं झोके खेळतात, कोणाला चढायचं उतरायचं नाही आणि पुरुषांना "आता काय करायचं" असं वाटायला वेळच मिळत नाही कारण हात सारखा कणसांत असतो. पण सांगून जावं लागतं, निदान दोन दिवस आधी. कणसं त्या हिशोबाने कापतात.

सरळसोट

मला सगळ्यांचं एकच पटत नाही. इतकं प्लॅनिंग करून गेलं तर सुट्टी कसली, ऑफिसच झालं की. आम्ही कधीच काही ठरवत नाही, सकाळी उठतो, गाडी काढतो, जिथे जाऊ तिथे जाऊ.

स्टिअरिंग_आणि_चहा

@सरळसोट, किती जण जाता?

सरळसोट

मी आणि बायको.

स्टिअरिंग_आणि_चहा

मग बरोबर आहे तुमचं. दोघांना कुठेही मिसळ मिळते. चौदा जणांना एका वेळी बसायला टेबल शोधून दाखवा, तेही उलटी केलेलं पोर कडेवर घेऊन.

चहा_बिनसाखरेचा

आणि @सरळसोट, बायकोला विचारलंय का तिला जिथे जाऊ तिथे जायचं असतं का 😉

सरळसोट

विचारतो.

खारीबिस्कीट

दोन तास झाले, काय म्हणाल्या?

निवृत्त_नाना

तळ्यात_मळ्यात, एक शंका. सासूबाईंना बीपीची गोळी वेळेवर मिळाली ना? धाग्यात ते राहून गेलं. प्रवासात औषधं माणसाच्या जवळच्या पिशवीत हवीत, सुटकेसमध्ये नकोत. माझ्या बाबतीत चप्पल विसरली तर चालते, डबी नाही.

तळ्यात_मळ्यात

हो नाना, मीच वर जाऊन आणली होती ना. आता डबी त्यांच्या बटव्यातच असते.

आणि ताजी बातमी. भाऊजींनी नवीन ग्रुप काढलाय, पुढच्या जानेवारीसाठी. वेरूळ सोमवार, अजिंठा मंगळवार, बुधवार आराम असं लिहिलंय, ह्यावेळी वारांपुढे कंसात "उघडे" असं पण लिहिलंय. मी खाली विचारलं की बुधवारी जेवण कुठे, गाडी ठेवायची का सोडायची, ड्रायव्हरला खोली आहे का, आणि हुरडावाल्याला कोण सांगणार. जाऊबाईंनी लगेच अंगठा दिला. भाऊजींचं अजून "टायपिंग..." दाखवतंय.

@औरंगपुरा_कॉर्नर, हुरड्याच्या शेताचा नंबर द्याल का? ज्यांच्याकडे आजींना बसायला बाज आणि जवळ नीट संडास आहे असं बघा, भारतीय चालणार नाही, गुडघा आहे.

औरंगपुरा_कॉर्नर

नंबर इथे उघड्यावर नको, मेसेज करतो. एक जण आहेत फुलंब्री रोडला, त्यांच्याकडे कमोड आहे, मागच्याच वर्षी बांधला, त्यांच्या आईचा पण गुडघाच.